युक्तिकृत बल : व्यायाम, मांसधातू आणि औषधी

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात बल त्रिविध सांगितले आहे. सहज बल जन्मतःच शरीर-मनाबरोबर येते. कालज बल ऋतू आणि वय यांच्या अधीन असते. तिसरे युक्तिकृत बल मात्र आहार आणि चेष्टा यांच्या योगाने मिळवावे लागते. पहिल्या दोहोंवर चिकित्सकाचा अधिकार फारसा चालत नाही; तिसऱ्यावर चालतो, आणि आपल्या बृंहण-बल्य चिकित्सेचे क्षेत्र नेमके हेच आहे. येथे आहार आणि चेष्टा ही दोन्ही जोडीने आलेली आहेत, एकीच्या जागी दुसरी चालेल असे आचार्य म्हणत नाहीत, ही बाब ध्यानात ठेवावी. त्या सूत्रातील ‘योग’ शब्दाने रसायनयोगही घ्यावा असे एक मत टीकेत नोंदलेले आहे. ते मान्य केले तरी औषधीचे स्थान या दोहोंच्या सोबतीचे ठरते, त्यांच्या बदल्यातले नव्हे.

प्रत्यक्ष व्यवहारात चित्र उलटे आहे. आज तालुक्याच्या गावीही दोन-चार व्यायामशाळा असतात, आणि तेथून निघालेला तरुण आपल्या औषधालयाच्या फळीपाशी येऊन ‘शरीर भरेल असे काहीतरी द्या’ म्हणतो. दुसरीकडे सत्तरीच्या आजी ‘पायात जोर राहिला नाही, ताकदीचे औषध द्या’ म्हणून येतात. दोघांच्या वयात पन्नास वर्षांचे अंतर असले तरी मागणी एकच आहे : डब्यातून किंवा बाटलीतून मिळणारे बल. या मागणीला शास्त्र आणि सांप्रतचे संशोधन काय उत्तर देते, आणि ती पुरवताना वैद्य व औषधविक्रेता यांनी कोठे थांबावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रारंभी संज्ञेविषयी एक खुलासा. मराठीत ‘मसल’ या अर्थाने ‘स्नायू’ हा शब्द रूढ झाला असला तरी संहितांतील स्नायू म्हणजे बंधने होत. आपल्याला येथे अभिप्रेत आहे ती मांसपेशी. शारीराच्या पहिल्या वर्षातच हा भेद शिकवला जातो, पण रुग्णाशी बोलताना आपणही स्नायूच म्हणतो. या लेखात आम्ही पेशी आणि मांसधातू हेच शब्द वापरले आहेत.

वृद्धाने व्यायाम करावा काय?

वाग्भटाचार्यांनी दिनचर्याध्यायात वातपित्तरोगी, बाल, वृद्ध आणि अजीर्णी यांना व्यायामाचा निषेध केला आहे. या वचनाच्या आधारे ‘आता वय झाले, विश्रांती घ्या’ हा सल्ला आपल्यापैकी अनेक जण सहजपणे देतात. म्हणूनच या निषेधासमोर आधुनिक अभ्यासांतील सर्वांत बोलका पुरावा ठेवून पाहणे आवश्यक वाटते.

अमेरिकेत बोस्टन येथील वृद्धांच्या निवासी संस्थेत डॉ. मारिया फियाटरोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली सरासरी नव्वद वर्षे वयाच्या दहा जणांना आठ आठवडे मांड्यांच्या पेशींचा वजनाचा व्यायाम दिला. त्यांच्या पायांचे बल सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. हा अभ्यास लहान होता आणि त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणून त्याच संशोधकांनी मोठा अभ्यास केला, तो १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ७२ ते ९८ वर्षे वयाचे, दुर्बल झालेले शंभर निवासी होते. त्यांचे चार गट केले : एकास व्यायाम, दुसऱ्यास पोषक पेय, तिसऱ्यास दोन्ही, चौथ्यास दोहोंपैकी काहीच नाही. व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, दहा आठवडे. वजन थोडेथोडके नव्हते. ती व्यक्ती एका वेळी जेवढे जास्तीत जास्त उचलू शकेल त्याच्या ८० टक्के.

व्यायाम करणाऱ्यांचे पेशीबल ११३ टक्क्यांनी वाढले, न करणाऱ्यांचे ३ टक्क्यांनी. चालण्याची गती जवळजवळ १२ टक्क्यांनी आणि जिना चढण्याची शक्ती २८ टक्क्यांनी वाढली. पोषक पेयाचा मात्र या कशावरही स्वतंत्र परिणाम दिसला नाही. पेय घेऊन बसून राहणाऱ्यांच्या एकूण आहारातही लक्षणीय वाढ झाली नाही. ती फक्त पेय घेऊन व्यायामही करणाऱ्यांत झाली. दीप्ताग्नित्व हे आपण व्यायामाच्या फलांत मोजतो. वरून घातलेले अन्न अंगी लागण्यासाठी अग्नी हवा आणि अग्नीसाठी चेष्टा हवी, या क्रमाचे याहून स्पष्ट उदाहरण आमच्या वाचनात नाही.

मग वाग्भटांचे वचन बाजूला ठेवावे काय? आमचे मत तसे नाही. सुश्रुतांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात व्यायामास अयोग्य अशांची जी यादी दिली आहे तीत रक्तपित्ती, कृश, शोषी, श्वास-कास-क्षताने पीडित, नुकताच जेवलेला इत्यादी येतात, पण वृद्ध येत नाही. उलट त्याच प्रकरणात व्यायाम करणाऱ्यावर जरा एकाएकी आक्रमण करत नाही असा अभिप्राय आहे, आणि वय, बल, शरीर, देश, काल व आहार पाहून व्यायाम योजावा असा स्पष्ट नियम आहे. दोन आचार्यांत दिसणारा हा भेद व्यायामाच्या स्वरूपाचा असावा असे आम्हांस वाटते. जोर, बैठका, कुस्ती हा वृद्धाला निषिद्ध व्यायाम होय. खुर्चीवर बसून, हाताला आधार घेऊन, मोजक्या वेळा पायाने वजन उचलणे ही योजिलेली चिकित्सा होय, आणि ती देताना चिकित्सक समोर हवा. बोस्टनमधील वृद्धांनाही कोणी वजने देऊन मोकळे सोडले नव्हते.

वयोमानाने होणाऱ्या मांसक्षयाला ‘सार्कोपेनिया’ हे नाव आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली सुचवले. ते नाव नवे असले तरी परीक्षेची दृष्टी आपल्याकडे जुनी आहे. चरकांच्या विमानस्थानात दशविध परीक्षेत व्यायामशक्ती ही कर्मशक्तीवरून, म्हणजे काम करण्याच्या क्षमतेवरून तपासावी असे सांगितले आहे. तेथेच वैद्याला एक इशाराही आहे : नुसते शरीर पाहून धष्टपुष्टाला बलवान आणि कृशाला दुर्बल ठरवू नये, मुंगी केवढी आणि ती वाहते तो भार केवढा! आशियाई देशांतील तज्ज्ञगटाने २०१९ साली ठरवलेल्या निकषांत हीच कर्मपरीक्षा आकड्यांत आलेली आहे. हाताची पकड पुरुषात २८ किलोपेक्षा व स्त्रीत १८ किलोपेक्षा कमी असणे, चालण्याची गती सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी असणे, आणि हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठून बसण्यास १२ सेकंद किंवा अधिक लागणे. पकड मोजण्यास यंत्र लागते. खुर्चीच्या परीक्षेस एक साधी खुर्ची आणि मनगटावरचे घड्याळ पुरते. नाडी पाहण्यापूर्वी रुग्ण खुर्चीवरून कसा उठतो हे पाहणारा वैद्य निम्मे निदान तेथेच करतो. ‘अशक्तपणा’ या एका शब्दाखाली येणाऱ्या साठीपुढील प्रत्येक रुग्णात ही परीक्षा करून आकडा केसपेपरवर लिहावा, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहावा. औषधाने काय साधले याचा हिशेब त्याशिवाय लागत नाही.

अर्धशक्ती

तरुणांच्या बाबतीत प्रश्न न्यूनतेचा नसून अतिरेकाचा असतो. बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्याने शीतकाळी आणि वसंतात अर्ध्या शक्तीने, इतर काळी त्याहून कमी व्यायाम करावा, ही मर्यादा सर्वपरिचित आहे. कपाळ, नाक, काखा व सांधे येथे घाम येणे आणि तोंडाने श्वास घ्यावा लागणे ही अर्धशक्तीची लक्षणे. व्यायामशाळेतील शिक्षक मात्र हात थरथरून वजन खाली पडेपर्यंत उचला असे सांगतो, आणि त्यापुढे अर्धशक्तीची भाषा तरुणाला भेकडपणाची वाटते.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडावयास हवी. ८० टक्के वजन ही शब्दशः अर्धशक्ती नव्हे. परंतु संहितेने दिलेली लक्षणे हातातील वजनाची नसून एकूण श्रमाची आहेत. वजन जड असले तरी आवर्तने थोडी आणि मध्ये विश्रांती पुरेशी असेल, तर मनुष्य त्या लक्षणांच्या मर्यादेत राहू शकतो. हलके वजन शंभर वेळा उचलून तो ती ओलांडूही शकतो. आणि पेशी पूर्ण थकेपर्यंत व्यायाम केल्यानेच बल वाढते, ही समजूतही अलीकडच्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांत टिकलेली नाही. दोन-तीन आवर्तने शिल्लक ठेवून थांबणाऱ्यांचे बलही साधारण तेवढेच वाढते. तेव्हा थांबण्याचा सल्ला देताना वैद्याने संकोच करण्याचे कारण नाही. ऋतूचा विचार मात्र आपणच करून द्यावयास हवा. आपल्याकडे सुट्टीची शिबिरे आणि निवडचाचण्या नेमक्या एप्रिल-मेच्या उन्हात येतात, ज्या काळात शास्त्र व्यायाम कमी करावयास सांगते.

अतिव्यायामाच्या उपद्रवांत तृष्णा, क्षय, प्रतमक, रक्तपित्त, कास, ज्वर, छर्दी सांगितले आहेत. यांत एक आधुनिक संकट जोडून घ्यावे. बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर एकाच दिवशी शेकडो बैठका मारलेला तरुण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्यांची तीव्र वेदना, सूज आणि काळ्या चहासारखी मूत्रप्रवृत्ती घेऊन येतो. पेशी फुटून त्यांतील द्रव्य वृक्कात उतरल्याचे ते लक्षण होय. येथे गोक्षुरादि गुग्गुळ देऊन दोन दिवस वाट पाहू नये. रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. शिरेवाटे द्रव मिळण्यास उशीर झाला तर वृक्क निकामी होऊ शकतात.

मांसाने मांस

सामान्य हे वृद्धीचे कारण, आणि म्हणून मांसाने मांस वाढते, हा सिद्धान्त आणि आजचा प्रथिनांचा विचार यांत विरोध नाही. विरोध आहे तो प्रमाणाच्या कल्पनेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली सामान्य प्रौढासाठी दररोज शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिन ठरवले. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसास साधारण ५० ग्रॅम. वजनाचा व्यायाम करणाऱ्यांसाठी ४९ अभ्यास आणि १८६३ व्यक्ती यांचे एकत्रित विश्लेषण २०१८ साली प्रसिद्ध झाले. प्रतिकिलो १.६ ग्रॅमच्या पुढे प्रथिन वाढवून मांसवृद्धीत भर पडत नाही असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे ६० किलोच्या तरुणास ९६ ग्रॅम ही वरची सीमा झाली. व्यायामशाळांत याच्या दीडपट-दुप्पट घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्यातील अतिरिक्त भाग मांसात जात नाही. तरुणाच्या वडिलांचे पैसे मात्र जातात.

उरलेली गरज घरातील अन्नातून भागवता येते का, हे कागदावर मांडून दाखवले की रुग्णाला लवकर पटते. अर्धा लिटर दुधात साधारण १६ ग्रॅम, १०० ग्रॅम कोरड्या मूगडाळीत सुमारे २४, ५० ग्रॅम शेंगदाण्यात १२ ते १३, दोन अंड्यांत १२. तीन-चार भाकरी-पोळ्यांतील १५ ते २० ग्रॅम तर कोणी मोजतच नाही. बेरीज केल्यास ८० च्या आसपास येते, आणि मांसाहारी घरात ९६ ओलांडणे अवघड नाही. कोल्हापूरच्या तालमीतील पैलवानाचे दूध, तूप आणि बदामाची थंडाई हा खुराक याच जातीचा आहे. पण तो पचवण्यास त्याच्यामागे पहाटेची मेहनत असते. तोच खुराक संगणकासमोर बसणाऱ्या मुलाला दिला तर मांस वाढत नाही, मेद वाढतो. मंदाग्नी असलेल्या कृश तरुणास प्रथम दीपन-पाचन, मग मांसरस किंवा मुगाचे यूष, मग दूध-तूप, हा क्रम आपण विसरता कामा नये. शुष्क चूर्णरूप प्रथिन दुधात कालवून दिवसातून तीनदा घेणारे कितीतरी तरुण आध्मान आणि मलावष्टंभ घेऊन येतात. त्यांना बल्य औषधाची नव्हे, मात्रा कमी करण्याची गरज असते.

क्रिएटिनविषयी औषधविक्रेत्यांकडे हल्ली वारंवार विचारणा होते म्हणून थोडक्यात. हे द्रव्य मांसाहारातून मिळते, शाकाहाऱ्यांच्या पेशींत त्याचा साठा कमी असतो, आणि दररोज ३ ते ५ ग्रॅम घेतल्याने अल्पकाळ जोराच्या कामात लाभ होतो हे अनेक अभ्यासांत दिसलेले आहे. ते उत्तेजकांच्या यादीतही नाही. ते घेणाऱ्याच्या रक्तातील क्रिएटिनिन मात्र किंचित वाढलेले दिसू शकते. तेवढ्यावरून निरोगी तरुणास वृक्कविकार ठरवून घाबरवू नये, आणि आधीच वृक्कविकार असणाऱ्यास ते देऊही नये.

अश्वगंधेने काय सिद्ध केले?

अश्वगंधा चरकोक्त बल्य आणि बृंहणीय या दोन्ही महाकषायांत येते. आपल्या द्रव्यांपैकी बलवृद्धीसाठी आधुनिक पद्धतीने सर्वाधिक तपासली गेलेली हीच होय. २०१५ साली वानखेडे आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १८ ते ५० वर्षे वयाच्या, वजनाच्या व्यायामाचा फारसा अनुभव नसलेल्या ५७ पुरुषांना आठ आठवडे एकच व्यायामक्रम दिला. एका गटास मूळापासून केलेला घनसार ३०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, दुसऱ्यास तसेच दिसणारे निर्गुण द्रव्य. पाठीवर झोपून छातीवरून वजन उचलण्याची क्षमता अश्वगंधा गटात सरासरी ४६ किलोने वाढली, दुसऱ्या गटात २६.४ किलोने. दंडाच्या पेशींचा आकार, टेस्टोस्टेरॉन आणि शरीरातील मेद यांतही अश्वगंधेच्या बाजूने फरक होता. २०१८ साली अमेरिकेत झीगनफस आणि सहकाऱ्यांनी वेगळा घनसार रोज ५०० मि.ग्रॅ. बारा आठवडे वापरला. तेथे वजन खांद्यावर घेऊन बैठक मारण्याच्या क्षमतेत १९.१ विरुद्ध १० किलो अशी वाढ दिसली.

हे आकडे आपल्या शास्त्राच्या गौरवाचे आहेत, आणि आपल्या भाषणांत व कंपन्यांच्या पत्रकांत ते आवर्जून येतात. पण त्यांच्याच शेजारचा आकडा वाचला जात नाही. पहिल्या अभ्यासात ज्यांना औषध मिळालेच नाही त्यांचीही क्षमता २६ किलोने वाढली. म्हणजे ४६ पैकी निम्म्याहून अधिक वाटा केवळ चेष्टेचा होता. आणि अश्वगंधा घेऊन स्वस्थ बसणारा गट या दोहोंपैकी एकाही अभ्यासात नव्हता. तेव्हा या संशोधनातून ‘अश्वगंधेने बल वाढते’ असे म्हणण्यापेक्षा ‘व्यायाम करणाऱ्याचे बल अश्वगंधेने अधिक वाढते’ असे म्हणणे न्याय्य ठरेल. शिवाय दोन्ही अभ्यास लहान आहेत, आणि त्यांतील मात्रा विशिष्ट घनसाराची आहे. ती आपल्या ३ ते ६ ग्रॅम चूर्णाला किंवा अरिष्टाला तशीच लावता येत नाही.

गोक्षुराची कथा वेगळी. बल्गेरियाच्या वजन उचलणाऱ्या खेळाडूंच्या नावाने हे द्रव्य जगभर ‘टेस्टोस्टेरॉन वाढवणारे’ म्हणून विकले गेले. ऑस्ट्रेलियातील रग्बी खेळाडूंना पाच आठवडे रोज ४५० मि.ग्रॅ. घनसार देऊन २००७ साली केलेल्या अभ्यासात बल किंवा मांस यांत निर्गुण द्रव्यापेक्षा काहीच अधिक आढळले नाही. आम्हांस याचे आश्चर्य वाटत नाही. मूत्रल आणि वृष्य म्हणून ज्याची ख्याती, त्याला मांसवर्धक ठरवण्याचा उद्योग बाजाराने केला. शास्त्राला त्याचा दोष नाही.

अश्वगंधेच्या बाबतीत एक सावधगिरी आता टाळता येणार नाही. २०२० साली आइसलंड व अमेरिकेतील पाच रुग्णांचे आणि २०२३ साली भारतातील आठ रुग्णांचे वृत्त प्रसिद्ध झाले. अश्वगंधायुक्त उत्पादने घेतल्यानंतर त्यांना कामला झाली होती. लाखो सेवन करणाऱ्यांत ही संख्या अल्प आहे आणि बहुतेक रुग्ण औषध थांबवल्यावर बरे झाले. तथापि डेन्मार्कने २०२३ साली या वनस्पतीवर बंदी घातली, हेही खरे. आपल्या आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्पादकांना पानांचा वापर न करता मूळच वापरण्याची सूचना दिली होती. औषधालयाने घनसार खरेदी करताना तो केवळ मूळाचा आहे काय, हे पुरवठादाराकडून लेखी मागावे. आणि रुग्णास कंडू, पिवळी मूत्रप्रवृत्ती, अरुची दिसल्यास औषध तत्काळ थांबवण्यास आधीच सांगून ठेवावे. यकृतविकाराचा पूर्वेतिहास असलेल्यास बल्य म्हणून अन्य द्रव्य निवडावे.

खेळाडू रुग्ण आणि आपली औषधी

आतापर्यंतचा विचार सर्वसामान्यांचा झाला. स्पर्धेत उतरणारा खेळाडू जेव्हा रुग्ण म्हणून येतो तेव्हा वैद्याच्या एका पुडीने त्याची चार वर्षे जाऊ शकतात. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे ‘वाडा’, दरवर्षी निषिद्ध द्रव्यांची यादी काढते. शरीरात निषिद्ध द्रव्य सापडले की त्याची जबाबदारी खेळाडूचीच. वैद्याने दिले, बाटलीवर लिहिले नव्हते, हे सांगून दोष टळत नाही, फार तर शिक्षा थोडी कमी होते. भारतात ‘नाडा’च्या कार्याला २०२२ च्या कायद्याने वैधानिक आधार मिळाला आहे.

आपल्या रोजच्या कपाटातील किती औषधे या यादीला स्पर्श करतात हे अनेकांना ठाऊक नसते. कुचला हे पहिले उदाहरण. त्यातील स्ट्रिक्नीन स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. गंमत अशी की १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरॅथॉन जिंकणाऱ्या टॉमस हिक्स याला त्याच्या साहाय्यकांनी वाटेत ब्रँडी आणि स्ट्रिक्नीनच पाजले होते. तेव्हा त्याला कोणाची हरकत नव्हती. आज विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी किंवा नवजीवन रस घेतलेला कबड्डीपटू त्याच द्रव्यासाठी दोषी ठरू शकतो. अग्निमांद्यासाठी सहज दिल्या जाणाऱ्या गोळीचा असा परिणाम होईल हे कोणाच्या मनातही येत नाही. भंग असलेले जातीफलादि चूर्ण, अहिफेनयुक्त कर्पूररस, सोमलता म्हणजे एफेड्रा असलेले श्वासहर योग ही आणखी काही उदाहरणे. ही सर्व द्रव्ये स्पर्धाकाळापुरती निषिद्ध आहेत, परंतु शरीरातून ती केव्हा पूर्ण जातील याचा भरवसा देता येत नसल्याने स्पर्धेच्या हंगामात ती न देणेच इष्ट.

याहून सूक्ष्म प्रश्न गुळवेलीचा आहे. आपली गुडूची, टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, यादीत नाही. पण तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही जात हायजेनामाइन नावाचे द्रव्य धारण करते, आणि ते २०१७ पासून निषिद्ध यादीत नावानिशी आहे. स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. हीच भेसळ यकृतासही अपायकारक ठरू शकते असे आयुष मंत्रालयाने २०२२ साली स्पष्ट केले होते. ओळख न पटवता घाऊक बाजारातून गुळवेल उचलणारा औषधनिर्माता खेळाडूचे आणि सामान्य रुग्णाचे असे दुहेरी नुकसान करू शकतो. कस्तुरीचीही एक कथा आहे. २०११ च्या महिला विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत उत्तर कोरियाच्या पाच खेळाडूंत स्टेरॉइड सापडले, आणि कस्तुरीमृगाच्या ग्रंथीपासून केलेले पारंपरिक औषध दिल्याने तसे झाले असा त्यांच्या संघाचा खुलासा होता. आपल्याकडे वन्यजीव कायद्याने कस्तुरीचा प्रश्न निकालात काढला आहे.

सर्वांत दुःखद प्रसंग आपल्याच देशातला. २०११ साली भारताच्या आघाडीच्या महिला धावपटू स्टेरॉइडसाठी दोषी आढळल्या. प्रशिक्षकाने चीनमधून आणलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांतून ते आले, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना आधी एक वर्षाची बंदी झाली. २०१२ साली आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ती दोन वर्षांची केली, आणि लंडन ऑलिंपिक त्यांच्या हातून गेले. ‘वनस्पतीजन्य आहे, अपाय नाही’ हे वाक्य फळीपाशी उच्चारताना हा प्रसंग आठवावा.

भेसळीचे चूर्ण कसे ओळखावे

वनस्पतीच्या नावाखाली स्टेरॉइड का मिसळले जाते, याचे उत्तर १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या भसीन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात आहे. ४३ पुरुषांच्या या अभ्यासात दर आठवड्यास ६०० मि.ग्रॅ. टेस्टोस्टेरॉन दहा आठवडे दिले गेले. ज्यांनी ते घेतले पण व्यायाम केला नाही, त्यांचे मेदविरहित वजन ३.२ किलोने वाढले. व्यायाम करून निर्गुण द्रव्य घेणाऱ्यांचे १.९ किलोने. म्हणजे चेष्टेशिवाय मांस वाढवणारे द्रव्य जगात आहे, ते आपल्या निघंटूंत नाही. जे चूर्ण तीन आठवड्यांत व्यायामाशिवाय अंग भरून आणते, ते पाहून वैद्याने आनंदित न होता साशंक व्हावे.

वजन वाढवणाऱ्या चूर्णांत अधिक आढळणारी भेसळ डेक्सामेथासोन आणि सायप्रोहेप्टाडिन यांची असते. ती ओळखण्यास प्रयोगशाळा नेहमीच लागत नाही. चार-पाच दिवसांत भूक खवळते, झोप फार येते, चेहरा गोल होतो, पोट सुटते, त्वचेवर पुटकुळ्या आणि पोट-मांड्यांवर जांभळट रेषा उठतात. आणि वजन वाढत असताना मांड्या मात्र बारीक होऊन रुग्णास उकिडवे बसून उठता येत नाही. वजनकाटा वर जातो आणि मांसधातू आत क्षीण होत असतो. घरचे लोक काट्याकडे पाहून समाधानी असतात. अशा वेळी वर सांगितलेली खुर्चीची परीक्षा खरे काय ते दाखवते. हे निदान झाल्यावर ‘ते चूर्ण आजच फेकून द्या’ असे सांगणे धोक्याचे आहे. महिनोन्महिने स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णाची अधिवृक्क ग्रंथी सुस्तावलेली असते. एकाएकी बंद केल्यास वांती, रक्तदाब कोसळणे, मूर्च्छा असे प्राणसंकट उद्भवू शकते. रुग्णास तज्ज्ञाकडे पाठवून, सकाळचे कॉर्टिसोल तपासून, मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करणे हाच मार्ग.

औषधालयाच्या मालकांना याबाबत काही गोष्टी सहज करता येतील. उत्पादन परवाना क्रमांक, घटकांची संपूर्ण यादी व बॅच क्रमांक नसलेले पुष्टिचूर्ण दुकानात ठेवू नये, मग त्यावरील नफा कितीही असो. सुट्या पुड्यांत बांधून येणारा ‘पैलवान माल’ तर मुळीच नको. ज्या औषधांत अनुसूची ई-१ मधील द्रव्ये आहेत ती, म्हणजे कुचला, भंग, अहिफेन यांचे योग, कपाटात वेगळ्या कप्प्यात ठेवावीत, आणि ते देताना ‘आपण स्पर्धेत खेळता का?’ एवढा प्रश्न विचारण्याची सवय नोकरवर्गास लावावी. खेळाडूस दिलेल्या प्रत्येक औषधाचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक आणि दिनांक बिलावर पूर्ण लिहून द्यावा आणि त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवावी. त्याच बॅचमधील एक बंद डबी स्पर्धेचा निकाल आणि तपासणी होईपर्यंत बाजूला ठेवता आली तर अधिक बरे, कारण पुढे वाद झाल्यास न उघडलेल्या डबीचाच उपयोग होतो. संशयास्पद परिणाम दिसल्यास त्याची नोंद आयुर्वेद, सिद्ध, युनानी व होमिओपॅथी औषधांसाठी असलेल्या औषधसतर्कता कार्यक्रमाकडे करावी. त्याचे राष्ट्रीय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे, आणि नोंदीचा नमुना भरण्यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.